टीचरच्या पियानोची किंमत

सिसिलिया टीचरबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. सोसायटीत कोणी त्यांचा विषय काढला की मी चष्मा पुसत बसायचो. आता ऐंशी उलटली. टीचरच्या शेजारच्या साने वहिनी अजून आहेत, आणि त्यांच्या हयातीत हे सांगून टाकलं पाहिजे.

टीचर घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत, बरोबर माझ्या वरच्या मजल्यावर, भाड्याने राहायच्या. मूळच्या ठाण्यातल्याच, जुन्या ख्रिस्ती शेतकरी घरातल्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घरात एक डिजिटल पियानो होता. त्याला हात लावण्याआधी त्या साबणाने हात धुवायच्या आणि बोटं वाळेपर्यंत पंख्याखाली धरून उभ्या राहायच्या. शिकायला येणाऱ्या मुलांनाही तोच नियम. "वडापाव खाऊन आलायस ना? आधी बेसिन गाठ," त्या दारातूनच ओरडायच्या. "माझ्या पियानोला तेलमालिश नको, त्याची तब्येत बरी हाय."

दुपारभर मुलं एकच ओळ घोटायची. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. टीचर चिडायच्या नाहीत. "चुकलं तर चुकू दे रे, थांबू नको. थांबलास की लोकांना कळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खाली माझी झोप मोडायची. एक दिवस मी सेक्रेटरींना जिन्यात गाठलं. "वरच्या पियानोचं काहीतरी करा," म्हटलं, "पण माझं नाव नको."

त्यांनी नाव खरंच सांगितलं नाही. टीचरना एवढंच कळलं की एका मेंबरची तक्रार आहे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेडफोन आणला. शिकणारी मुलं एकेक करून यायची बंद झाली. मला आता सूर ऐकू यायचे नाहीत. पट्ट्या दाबल्याचा ठकठक आवाज तेवढा छतातून यायचा. झोप मात्र काही परत आली नाही.

टीचरनी मनाशी ठरवून टाकलं की तक्रार साने वहिनींची. भिंतीला भिंत त्यांचीच होती. तोवर दोघींचं चांगलं मेतकूट. नाताळच्या गोड कुलकुल्या आधी वहिनींकडे जायच्या, गणपतीतले मोदक आधी टीचरकडे. ते सगळं थांबलं. मोदकांचा डबा दारातूनच परत गेला, तेव्हा वहिनी मला लिफ्टपाशी म्हणाल्या, "भाऊ, मी काय केलं हो त्यांचं?" मी म्हणालो, "वय झालं की होतं असं." माझं वय टीचरपेक्षा जास्त होतं.

मग घरमालकाने जागा सोडायला सांगितली. टीचर ठाकुर्लीला भाचीकडे राहायला जाणार होत्या. तिथे दोन खोल्यांत पियानो मावणारा नव्हता. तो विकून येईल ते भाचीच्या हातात ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. "रिकाम्या हाताने कसं जाऊ कुणाच्या घरात? पाहुणी दोन दिवसांची बरी," म्हणाल्या आणि किंमत ठरवायला मला बोलावून नेलं.

मी विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासायचो. किती जुनी, किती झिजली, ते वजा करायचं आणि आकडा लिहायचा. सोसायटीतले लोक फ्रिज न् स्कूटर विकायच्या आधी मलाच दाखवायचे. मी पियानोही तसाच पाहिला. मधली एक पट्टी वाजत नव्हती, दोन दाबल्यावर वर यायला वेळ घ्यायच्या. पेडल सैल होतं, अडॅप्टर दुसऱ्याच कशाचा तरी. मनात हिशेब झाला: बारा हजार, फार तर तेरा.

तेवढ्यात टीचर म्हणाल्या, "तुम्हीच सांगा भाऊ, तुमचं मी ऐकणार. या अख्ख्या बिल्डिंगीत तुम्ही एकच, बरोबर खाली राहून कधी एका शब्दाने बोलला नाहीत."

"पस्तीस हजार," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो ते मला अजून नीट सांगता येत नाही. भरपाई करायची होती म्हणावं, तर ती दुसऱ्याच्या खिशातून कशी होणार? पण आकडा तोंडातून गेला होता, आणि टीचरचा चेहरा इतका उजळला की तो मागे घेणं जमेना.

डोंबिवलीहून एक जोडपं पाहायला आलं. टीचरनी मलाही बोलावलं. त्यातल्या नवऱ्याने सगळ्या पट्ट्या वाजवून पाहिल्या. "आंटी, असा सेकंडहँड पीस ऑनलाइन दहा-बाराला मिळतो. मी बारा देतो, आत्ता उचलतो."

"पस्तीसच्या खाली नाय बाबा. भाऊंनी सांगितलंय. सर्व्हेअर होते ते."

तो माझ्याकडे वळला. "सर, पस्तीस कसे काय? समजावा तरी."

"पट्ट्यांना वजन आहे, खऱ्या पियानोसारखं," मी म्हणालो.

"सर, ते तर आता सगळ्यांनाच असतं. आणि ही तर वाजतच नाही!"

त्याची बायको खुदकन हसली. मी चष्मा पुसायला घेतला. बारा हजार जिना उतरून गेले. पुढे आलेल्या दोघांनाही टीचरनी माझंच नाव सांगून परत पाठवलं.

सामान हलवायच्या दिवशी पियानो तिथेच होता. मी बँकेतून पस्तीस हजार काढून नेले. "मीच घेतो," म्हटलं. टीचर भडकल्याच. "तुमच्याकडून पैसे? वेडे झालात काय? एवढी वर्षं गुमान ऐकलंत, उलट मीच तुम्हाला द्यायला पायजे. न्या खाली. त्याची किंमत तुम्हालाच कळली." टेम्पोवाल्यांनी तो माझ्या हॉलमध्ये आणून ठेवला. पेडल आणायला मी वर गेलो तर साने वहिनी आपल्या दारात येऊन उभ्या होत्या. टीचर त्यांच्या समोरून खाली पाहत गेल्या. मी दोघींच्या मध्ये होतो, हातात ते सैल पेडल. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं.

ठाकुर्लीला मी गेलो, टीचर आजारी असल्याचं कळल्यावर. भाची चहा ठेवायला आत गेली. टीचर कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. हात बारीक झाले होते. वाटेत जुळवलेलं सगळं डोक्यातून गेलं. "टीचर, ती पियानोची तक्रार..." एवढंच बाहेर पडलं.

त्यांनी माझा हात थोपटला. "जाऊ द्या भाऊ. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? साने बाईला मी कधीच माफ केलंय. त्यांना सांगा माझ्यातर्फे."

"बरं केलंत," मी म्हणालो. खरंच असं म्हणालो. चहा प्यायलो आणि निघालो.

वहिनींना मी तो निरोप दिला नाही. न केलेल्या गुन्ह्याची माफी त्यांच्या दारात कशी नेऊन ठेवणार? पुढल्याच आठवड्यात भाचीचा फोन आला, टीचर गेल्या. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. सगळे गात होते, आणि मी ओठ हलवत होतो. पण ते गाण्याचे शब्द नव्हते. टीचर, साने वहिनी नव्हत्या हो. मी होतो. मला माफ करा.