एका नंबरामागं एक घर

हनुमान आता पुण्याला असतो अन् माझा फोन उचलत नाही. आमच्या गारखेड्यात कुणी विचारलं तर लोक सांगतात, "पगारासाठी गेला, सगळेच जातात." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पुण्याला जाणाऱ्यांना दहा वर्षं शिव्या घातल्या त्या पोरानं. माझ्यासमोर दोन चांगल्या नोकऱ्या नाकारल्या. तो पगारासाठी गेला नाही. का गेला ते मला माहीत आहे, कारण त्यात मीही आहे.

मी पुंजाराम. आधी टायपिंगचा क्लास चालवायचो, म्हणून गल्लीत अजून सर म्हणतात. टायपिंग मेलं तेव्हा पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या, चार कॉम्प्युटर मांडले अन् वेबसाइट बनवून द्यायचं काम सुरू केलं. हनुमान माझा पहिला माणूस. काळा, किरकोळ अंगाचा, बोलायला लागला की थांबायचा नाही अन् कोड लिहायला बसला की जेवायचा नाही. गिरणी सुरू झाली की टेबल हादरायचं, किबोर्डवर पीठ बसायचं. तो फुंकर मारायचा अन् पुढं लिहायचा.

त्याची वस्ती कन्नडच्या पुढं, घाटाच्या अंगाला. अकरा घरं, सगळी एकाच भावकीतली, मेंढरांवर जगणारी. दिवाळी झाली की गडीमाणसं कळप घेऊन निघायची ती मृगाच्या तोंडावर परत. मागं बाया, म्हातारी माणसं अन् शाळेतली लेकरं. बारावीनंतर हनुमानला जातीचा दाखला लागत होता. बाप मोतीराम त्याला घेऊन एका कचेरीत सात वेळा गेला. दरवेळी तिथला कारकून म्हणायचा, "उद्या या." बापाच्या खांद्यावर घोंगडी, तिला मेंढरांचा वास, म्हणून त्याला दारातच थांबवायचे. पोरानं आत जाऊन विचारायचं अन् बाहेर येऊन बापाला सांगायचं. सातव्या खेपेला दाखला मिळाला तेव्हा प्रवेशाची तारीख उलटून गेली होती. वर्ष गेलं. दोन वर्षांनी बापही गेला.

त्या दारातून हनुमानची सगळी मतं निघाली होती. चहाच्या टपरीवर तो तावातावानं सांगायचा, "सर, कॉम्प्युटर उद्या या म्हणत नाय. त्याला आडनाव कळत नाय, घोंगडीचा वास येत नाय. फॉर्म बरोबर भरला का? मग घे. एवढंच." मी म्हणायचो, "अरे पण फॉर्म करणारा माणूसच असतो ना?" तो म्हणायचा, "म्हणून तर आपल्यातली पोरं पाहिजेत फॉर्म करायला. पुण्याला जाऊन अमेरिकेच्या चपला विकायची वेबसाइट केली, तर इथल्या कचेरीत कोण शिरणार?"

सहा महिन्यांत डेव्हलपर बनवतो म्हणणाऱ्या क्लासवाल्यांवर त्याचा विशेष राग. चौकाचौकात त्यांचे बोर्ड होते, टाय घातलेली पोरं छापलेली. "नोकरी शिकवतात, काम नाय शिकवत," म्हणायचा. बोलायला फाटका होता, पण खोटं नव्हतं त्याचं. वशिला हा शब्द तर त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. एकदा मी माझ्या मेहुण्याच्या मुलाला कामावर घेतलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी त्या पोराला दोन ओळी नीट लिहिता येईनात, तेव्हा मीच त्याला घरी पाठवलं. हनुमान नुसता माझ्याकडं बघून चहा पीत राहिला. लई राग आला होता मला.

एकोणीस सालचा उन्हाळा आला. शहर तेव्हा कागदावर औरंगाबाद होतं. गारखेड्यात जिथं मोकळा प्लॉट होता तिथं चार मजले उभे राहत होते, अन् नळाला पाणी सहाव्या दिवशी. सहाशे फूट बोअर घेतला तरी धूळ निघायची. इथं ही तऱ्हा, तर कन्नडकडं काय असेल! तिकडचे तात्यासाहेब म्हणून एक गृहस्थ, जमीनजुमला बक्कळ, त्यांनी एक संस्था काढली होती अन् ती वाड्यावस्त्यांवर फुकट टँकर पाठवायची. माणूस चांगला होता, उगीच खोटं बोलत नाही. त्यांची अडचण अशी की याद्यांत बोगस नावं घुसत होती. माझ्यासमोर बसून म्हणाले, "सर, गावोगावचे पुढारी पाणी पळवतात. मेलेल्या माणसांच्या नावानं बॅरल भरून नेतात. काही तरी करा."

हे काम हनुमाननं अक्षरशः ओढून घेतलं. त्याची वस्तीही त्या टँकरवरच होती. त्यानं सगळ्या याद्या कॉम्प्युटरवर चढवल्या अन् पहिल्याच आठवड्यात चोर धरला. एका गावात एकाच मोबाइल नंबरावर बेचाळीस कुटुंबं! त्यात आजा मेलेला अन् नातू जन्माला यायचा. हनुमान खुर्चीवरून उठून खोलीभर फिरला. मग त्यानं नियम लिहिला. एका मोबाइल नंबरावर एकच कुटुंब. त्याच नंबरावर दुसरं नाव आलं की यादीतून आपोआप बाहेर. अन् दुसरा नियम संस्थेचा होता, जिथं पाचपेक्षा कमी घरं, तिथं टँकर जाणार नाही, त्यांनी खालच्या गावच्या टाकीवर येऊन आपलं पाणी न्यायचं.

एका बटणावर हजारो नावं उडाली. तात्यासाहेबांनी कन्नडला कार्यक्रम घेतला, हनुमानला शाल अन् नारळ दिला. मलाही दिला. तो फोटो मी ऑफिसात लावला, गिऱ्हाइकाला दिसेल असा.

त्यानंतर दहाएक दिवसांनी दुपारी त्याच्या आईचा फोन आला. दगडाबाई. ती मोठ्यानं बोलायची, फोन कानाला नसला तरी ऐकू यायचं. "बाबा, टँकर येईना रे. खालच्या गावात टाकीवर आपल्या बायांना हुसकून लावतात. तू जरा बघ."

हनुमान म्हणाला, "माय, वेबसाइटवर तक्रारीचा अर्ज हाय. शाळेतल्या मास्तराला भरायला सांग. आठ दिवसांत उत्तर येतं."

"तूच केलंय ना ते?"

"म्हणूनच मला हात लावता येत नाय. यादी कॉम्प्युटरनं केलीय, त्यात चूक नसते. खाली कुणीतरी बदमाशी करत असंल."

ती "बरं" म्हणाली अन् फोन ठेवला.

मी म्हणालो, "हनुमान, एकदा उघडून बघ तरी. नुसतं बघायला कुठला आलाय वशिला?" तो उसळला. "आज मी माझ्या वस्तीसाठी उघडणार, उद्या तुम्ही मेहुण्यासाठी उघडणार. मग तात्यासाहेब म्हणतात त्या पुढाऱ्यात अन् आपल्यात फरक काय सर?" मेहुण्याचं नाव काढलं म्हणून माझं टाळकं सटकलं. मी म्हणालो, मर मग. माझ्या कॉम्प्युटरवरही ती यादी होती. मलाही उघडता आली असती. रागाच्या भरात मी ती उघडली नाही, अन् दुसऱ्या दिवशी राग गेला तेव्हा आठवण राहिली नाही. स्वतःच्या आईला त्यानं 'उद्या या' म्हटलं होतं, आपण काय बोललो ते त्याला कळलं नव्हतं अन् मलाही नाही.

सातव्या दिवशी सकाळी फोन आला. त्याची चुलती आवडाबाई विहिरीत पडून गेली. नाल्याच्या कडेला जुनी विहीर होती, तळाला वाटीनं भरण्याइतकं पाणी. खाली कुणीतरी उतरायचं, बाकीच्यांनी वरून कळशी ओढायची. तिची सून दिवस भरलेली, म्हणून साठीची बाई स्वतः उतरली. दगड निसटला.

हनुमान रडला नाही. कॉम्प्युटरसमोर बसला अन् त्यानं वस्तीचं पान उघडलं. मी त्याच्या मागं उभा होतो. यादीत एकच घर होतं. मग त्यानं उडवलेल्या नावांचा कप्पा उघडला. दहा नावं. अकराही घरांपुढं एकच मोबाइल नंबर. तो नंबर मला पाठ होता, त्याच्या आईचा होता तो.

पहिल्या पगारात त्यानं आईला फोन घेऊन दिला होता. वस्तीवर तो एकच फोन कायमचा राहणारा. बाकी फोन गड्यांच्या खिशात, कळपाबरोबर कुठं तरी गोदाकाठी. दगडाबाईच्या दाराच्या चौकटीला खिळा होता, तिथंच रेंज यायची, म्हणून फोन तिथं लटकलेला. रेशन असो, गॅस असो, शाळा असो, वस्तीचा माणूस प्रत्येक फॉर्मवर तोच नंबर लिहायचा. दगडाबाईला अक्षरं येत नव्हती पण आकडे यायचे. कुणाचाही ओटीपी आला की ती दारातून ओरडून सांगायची. हे हनुमानला माहीत नव्हतं का? लहानपणापासून बघत होता. पण नियम लिहिताना त्याच्या डोळ्यासमोर तो पुढारी होता, आई नव्हती.

"सर," तो म्हणाला, "बेचाळीस नावांचा चोर अन् अकरा घरांची माय, कॉम्प्युटरला एकच."

त्यानं नावं परत घातली. तात्यासाहेबांना सगळं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी टँकर वस्तीवर गेला. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

दहाव्याला मी त्याच्याबरोबर गेलो. कन्नडपर्यंत एसटीनं, पुढं जीपनं. वाटेत तो एकच गोष्ट घोकत होता, "सगळ्यांसमोर सांगतो. नियम मी लिहिला, चूक माझी, असं सांगतो. मग मारू द्या, काय करायचं ते करू द्या." मला ते पटलं होतं. माणसानं चूक कबूल करावी.

वस्तीवर गेलो तर दगडाबाई एकटी एका कडेला बसलेली. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. हनुमान जवळ बसला तेव्हा तिनं हळूहळू सांगितलं. टँकर बंद झाल्यावर बाया खालच्या गावात गेल्या, तर टाकीवरच्या माणसानं यादी वाचून दाखवली. या वस्तीचं एकच नाव आहे, दगडाबाईचं. तिला दोन बॅरल, बाकीच्यांना नाही. ती रोज आपलं पाणी आणायची अन् घरोघर कळशी कळशी वाटायची. चार दिवस लोकांनी घेतलं. पाचव्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. आवडाबाईनं तर दारात आलेली कळशी परत पाठवली अन् विहीर गाठली.

"मला का नाय सांगितलं गं?" हनुमाननं विचारलं.

"सांगितलं की, टँकर येईना म्हणून. बाकीचं कसं सांगू? तू म्हनला, चूक नसती. मला वाटलं, तूच ठिवलं आसंल माझं एकटीचं नाव. पोराला लोकांनी नावं ठिवावी असं कसं बोलू?"

वस्तीसारखं आईनंही हेच धरलं होतं, पोरानं वशिला लावला म्हणून! मला तिथं उभं राहवेना.

विधी आटोपल्यावर हनुमान माणसांत उभा राहिला. नंबर, नियम, यादी, सगळं सांगितलं. लई वेळ बोलला, नेहमीपेक्षा हळू. कुणी अडवलं नाही. बायांनी पदर सावरले. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, मास्तरासमोर हलवतात तशा. त्याचं बोलणं संपल्यावर आवडाबाईचा नवरा सोनाजी उठला. मुंडण केलेलं डोकं, कळप टाकून तिसऱ्या दिवशी पोचलेला माणूस. मला वाटलं आता हा मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सोनाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो समजूतच काढत होता. म्हणाला, "आसू दे बाबा. ज्याच्या हातात यादी असती तो आपल्या माणसाचं नाव राखतोच. जगात सगळे तेच करतात. तू तुझ्या मायचं राखलं, त्याचा मला राग नाय. पण तुझ्या काकूचं एक नाव त्यात टाकायला तुला जड का गेलं रे?"

हनुमाननं माझ्याकडं बघितलं. मी बाहेरचा माणूस, मी सर, माझं कुणी ऐकलं असतं. काका, तसं नाही, हा पोरगा तसा नाही, एवढं म्हणायचं होतं. मी खाली बघितलं.

"चुकलं, काका," हनुमान म्हणाला, अन् न केलेला वशिला अंगावर घेऊन त्यानं सोनाजीच्या पायावर डोकं ठेवलं.