बाजूला ठेवलेलं वाण

डूख धरायची सवय मला लहानपणापासून आहे. आई म्हणते, हा गुण वडिलांकडून आला. वडील होते तेव्हा ते हेच आईबद्दल म्हणायचे. कुणाकडून का आलेला असेना, वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंवर मी वर्षभर डूख धरला, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

आमच्याकडे जानेवारीत दोन कार्यक्रम असतात. मुलींच्या शिक्षणासाठी आणि विधवांसाठी जन्मभर समाजाशी भांडलेल्या, एकोणिसाव्या शतकातल्या एका बाईंची जयंती, आणि संक्रांतीचं हळदीकुंकू. हॉल दोनदा मिळत नाही म्हणून मंडळाने दोन्ही एकाच संध्याकाळी उरकायची पद्धत पाडली. आधी फोटोला कुंकू, हार, मग भाषण, टाळ्या. नंतर त्याच खुर्च्यांवर बसून कुंकू, तिळगूळ, वाण. यात काही विचित्र आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं, हे कबूल करते.

गेल्या वर्षी भाषण आईने केलं. शनिवार पेठेतल्या एका शाळेत तिने तीस वर्षं शिकवलं. वडील गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. हातात कागद न घेता ती त्या बाईंविषयी बोलली. दोघीतिघींनी डोळे पुसले. अध्यक्षबाई तर म्हणाल्या, अशा विचारांची आज फार गरज आहे.

मग त्या तबक घेऊन निघाल्या. मला कुंकू लावलं. माझ्या शेजारी आई होती. भाषणाच्या भरात असेल, तिने चेहरा थोडासा पुढे केला. तबक तिच्यासमोरून तसंच पलीकडच्या खुर्चीकडे गेलं. आईने चेहरा मागे घेतला. अध्यक्षबाई वळून गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचं वाण बाजूला ठेवलंय हं, जाताना घ्या."

मी उठणार होते. आईने माझा हात दाबून धरला.

वाण म्हणजे गुलाबी प्लास्टिकची पिठाची चाळणी. आई म्हणाली, कामवाल्या मावशींना देऊन टाक. मी ती पिशवीसकट कपाटात ठेवली. त्या दिवसापासून आई सोसायटीच्या कुठल्याही कार्यक्रमाला खाली उतरली नाही, ना गणपतीत, ना कोजागरीला. पाय दुखतात म्हणायची. त्याच पायांनी रोज मंडईत जाऊन भाजीवाल्यांशी तासभर हुज्जत घालायची.

दिवाळीनंतर अध्यक्षबाईंचे यजमान गेले. मी भेटायला गेले, रीतीप्रमाणे गप्प बसले, उठले. परत येताना मनात पहिला विचार आला तो जानेवारीचा. वाईट बाई म्हणा हवं तर.

यंदा तबक माझ्याकडे आलं. मी आईला म्हटलं, "आज चल."

"काय करणार आहेस?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मला ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि साडी बदलायला गेली.

अध्यक्षबाईंनी फोटोला हार घातला. कुंकवाचा करंडा मात्र दुसरीच्या हातात दिला आणि त्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. आई सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मला वाटलं, बरं झालं, जवळून बघेल.

मी एकेक रांग संपवत मागे आले. चाळणीची पिशवी खांद्याला होती आणि वाक्य वर्षभर पाठ होतं. अध्यक्षबाईंनी आधीच तोंड खिडकीकडे वळवलं होतं. मी त्यांच्यासमोरून तबक पुढे नेलं, पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि वळून म्हटलं, "तुमचं वाण बाजूला ठेवलंय हं, जाताना घ्या."

त्यांनी पिशवीत पाहिलं, चाळणी ओळखली, मग आईकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तेवढ्यात आईने माझ्या हातून तबक काढून घेतलं आणि अध्यक्षबाईंच्या कपाळाकडे बोट नेलं.

"अहो, मला कसं चालेल," त्या मागे सरकत म्हणाल्या.

"का? त्या फोटोतल्या बाईंना तर तुम्ही दरवर्षी लावत होतात. त्याही विधवाच होत्या."

हॉलमधल्या सगळ्या माना फोटोकडे वळल्या. तिथे मघाशीच लावलेलं कुंकू होतं. आईने त्यांना नीट, गोल कुंकू लावलं. मला वाटलं, झालं, माझ्या आईने माझ्या सुडाची माती केली.

मग तिने तबक त्यांच्यापुढे धरलं.

"आता मला लावा."

अध्यक्षबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या. आई ताठ बसली होती. कपाळ तिने जरासुद्धा पुढे केलं नाही, त्यामुळे अध्यक्षबाईंनाच खुर्चीतून उठून वाकावं लागलं. त्यांनी कसंबसं बोट टेकवलं. आईने घाई केली नाही, मदतही केली नाही.

माझा वर्षभराचा सूड एका वाक्यात संपला होता. उट्टं खरं काढलं ते आईने.

वर जाताना तिने लिफ्टच्या आरशात पाहिलं.

"वाकडं लावलंय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी परत लावायला लावीन."