सोनवण्यांच्या बाँबची फाईल

विषय : श्री. सोनवणे यांना अणुबाँब टाकण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : त्यांचा स्वहस्ताक्षरातील अर्ज, सोबत नकाशा.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, अर्जदार रेल्वेतून निवृत्त असून चार वर्षांत एकही डाव जिंकलेले नाहीत. लवकरच ते नागपूरला मुलीकडे कायमचे राहायला जाणार आहेत. चालू डाव त्यांचा सुरतेतला शेवटचा. बाँब तयार आहे. सह्या बाकी आहेत.

घाबरू नका! बाँब म्हणजे लाल रंग दिलेली धाग्याची रिकामी बॉबिन. पण विषय गंभीर आहे. मी सरकारी ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झालो. एवढ्या नोकरीत सांगण्यासारखे किस्से जमले दोन, आणि त्यातल्या एकात मी रजेवर होतो. या खेळाने मात्र चार वर्षांत फाईल फुगवून ठेवली आहे!

आम्ही चौघे. दर रविवारी सकाळी सुरतेत भेस्तानला जोशीबाईंच्या घरी हॉलमध्ये जमतो. बाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. पाटील कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर मास्तर होते, मूळचे खानदेशचे. तिसरे सोनवणे आणि चौथा मी, सगळ्यांचा भाऊसाहेब. खेळ आम्हीच बनवलेला. दगडाच्या हत्यारापासून सुरुवात करायची, राज्य वाढवायचं आणि अणुयुगापर्यंत पोचायचं. पोचला तर!

नकाशा पाटलांनी पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमधून साडीच्या कापडावर छापून आणला. निळा रंग संपला होता म्हणून समुद्र गुलाबी आला. भारताच्या खाली श्रीलंकेऐवजी साडीवरची कैरीची नक्षी उमटली होती.

बाई म्हणाल्या, "हे चालणार नाही."

पाटील म्हणाले, "बाई, धुऊन बघा. पक्का रंग आहे!"

आजही श्रीलंका जिंकायची असेल तर आम्ही कैरीवर चढाई करतो.

*

अणुबाँबाचा पहिला नियम बाईंनी लिहिला. त्यांचा हट्ट एकच : जसं खरं, तसंच. बाँब पडला की ते राज्य खलास, शेजारचं खलास, पुढे कुणाला काही पिकवता येणार नाही.

त्या रविवारी सोनवणे नाश्त्याला लोचो आणायला कोपऱ्यावर गेले. चार प्लेटी पार्सल, वर शेव, वेगळी चटणी. तेवढ्यात पाटलांच्या हाती बाँब आला आणि त्यांनी तो टाकला. सोनवणे परत आले तर नकाशा रिकामा!

"माझं राज्य कुठंय?"

"ठेवा प्लेटी," पाटील म्हणाले. "आता जागा झाली आहे."

लोचो यायच्या आत जग संपलं होतं!

*

मग पाटलांनी सुधारणा सुचवली. ते समतोलवाले. त्यांचं म्हणणं, खेळ दोन तास तरी चालला पाहिजे, नाहीतर घरून निघायचं कशाला? त्यांचा प्रस्ताव : एका बाँबने शत्रूचे दोन हत्ती मरतील.

बाईंचा चेहरा दहावीचा पेपर तपासताना होत असेल तसा झाला. "पाटील! अणुबाँब पडतो, आणि दोन हत्ती मरतात?"

पाटलांनी प्रामाणिकपणे विचार केला. "कमी पडनात का? मंग तीन करा!"

*

मग बाईंचा दुसरा नियम. बाँब हवा तर आधी खनिज शोधा, कारखाना काढा, पाणी आणा, शास्त्रज्ञ सांभाळा. एकेक पायरी एकेका रविवारी. सोनवण्यांना हे फार पटलं. रेल्वेचा माणूस, टाइमटेबल दिसलं की खूश! लढाई सोडून त्यांनी सगळं लक्ष शास्त्रज्ञांवर दिलं. त्यांना क्वार्टर दिले, पासही दिले.

कारखाना पूर्ण व्हायला एक रविवार उरला असताना माझे सहा घोडेस्वार सहज चक्कर मारायला त्या बाजूला गेले. एकही तलवार न उपसता शास्त्रज्ञांना घोड्यावर मागे बसवून घेऊन आले.

सोनवणे बघतच राहिले. "भाऊसाहेब, अणुयुगात घोडा?"

"तुमच्या अणुयुगात कुंपण नव्हतं," मी म्हटलं.

बाईंनी निकाल दिला, "हे मात्र इतिहासाला धरून आहे!"

*

पाटलांचं तंत्रज्ञान वेगळ्याच वाटेने गेलं. बाँबचं सगळं सामान जमल्यावर ते म्हणाले, "मले बाँब नको. मी वीज करस."

"जिंकायचं नाही का?" बाईंनी विचारलं.

"बाई, लूम चालू असताना लाइट गेली की काय होतं ते तुमच्या पुस्तकात नाही. धागा तुटतो, ताणा बिघडतो, शेठ वेगळा बोलतो."

त्यांनी राज्यभर वीज खेळवली. सैन्य शून्य! पुढच्या तीन खेळ्यांत आम्ही तिघांनी मिळून त्यांना संपवलं. शेवटचं शहर पडलं तेव्हा पाटील छाती पुढे काढून म्हणाले, "एक मिनिट तरी लाइट गेली का? सांगा!"

*

भांडण मिटेना. खरं ठेवलं तर खेळ संपतो, समतोल ठेवला तर हत्ती मोजावे लागतात. बाई आणि पाटील तीन रविवार एकमेकांशी सोनवण्यांमार्फत बोलत होते. तेही एकाच सोफ्यावर बसून!

शेवटी काम माझ्याकडे आलं. मला एकच विद्या येते. घरी गेलो आणि जुन्या ऑफिसच्या नमुन्यावरून बाँबसाठी अर्ज तयार केला : अर्ज तीन प्रतींत, सोबत नकाशा, शेजारच्या राज्याची शिफारस, कार्यालयाचा शिक्का. नमुना मुळात रस्त्यासाठी जमीन घेण्याचा होता. त्यातलं एक कलम काढायचं माझ्याकडून राहिलं : "बाधित पक्षाचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडावे."

म्हणजे ज्याच्यावर बाँब टाकायचा, त्याचीच सही आणायची!

मी चूक कबूल करणार तोच पाटील उठून उभे राहिले. "बराबर छे! आता डाव संपणारच नाही!"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "भाऊसाहेब, खरं सांगू? जगातसुद्धा तो इतकी वर्षं असाच कपाटात पडून आहे. याहून खरा नियम मला लिहिता आला नसता!"

चूक कायम झाली. त्यानंतर आमच्या नकाशावर एकही बाँब पडलेला नाही.

*

आणि आता सोनवण्यांचा अर्ज. या डावात त्यांनी शास्त्रज्ञांभोवती कुंपण घातलं. बॉबिन त्यांच्या हातात आहे. नेम बाईंच्या राजधानीवर, पडला की डाव सोनवण्यांचा! मुलीने बुधवारच्या गाडीचं तिकीट काढलेलं. अर्ज रविवारी सादर.

पाटील शेजारचं राज्य म्हणून म्हणाले, "शिफारस करतो. पण आधी वारा कुठून वाहतो ते लिहून द्या. राख माझ्या लूमवर नको."

बाई म्हणाल्या, "सही देते. पण आधी माझ्या प्रजेच्या हरकती मागवा."

मी अर्ज तपासला. समास कमी सोडला होता. फाईलला लावायला छिद्र कुठे पाडणार? त्रुटी लिहून परत केला.

"भाऊसाहेब," सोनवणे हळूच म्हणाले, "माझी गाडी बुधवारची आहे."

"नियम आहे," मी म्हटलं.

त्या दिवशी लोचो कुणी संपवला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे नकाशा अंथरून बसलो होतो. चौथी खुर्ची तशीच होती. बेल वाजली. दारात सोनवणे! एका हातात चार प्लेटी, दुसऱ्या हातात नवा अर्ज, चार बोटं समास सोडलेला.

"अहो, गाडी?" बाईंनी विचारलं.

"मुलीला कळवलंय. प्रकरण चालू आहे, निकाल लागेपर्यंत हेडक्वार्टर सोडता येत नाही."

पाटलांना वाऱ्याची दिशा मान्य नव्हती, ते गॅलरीत बघायला गेले. मी तारखेचा शिक्का शोधला, मिळाला नाही. बाई म्हणाल्या, सही केली असती, पण चष्मा घरी राहिला. आम्ही त्यांच्याच घरी बसलो होतो.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.