कुलूप तोडल्याचा खुलासा

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर आपत्ती व्यवस्थापनाच्या पदविकेला शिकवतो. माझा विषय नेतृत्वगुण. पहिल्या तासाला मी दरवर्षी विचारतो, नेता म्हणजे कोण? पोरं मतदारसंघातली नावं सांगतात. त्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "कोण आलं, कोण मागं राहिलं, हे ज्याला ठाऊक असतं तो."

तिचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे. सहा महिने दोन धाकट्या भावंडांना सांभाळून ती घाटनांदूरच्या बाजूनं एसटीनं यायची. तिला नेतृत्व शिकवायचं म्हणजे मलाच संकोच वाटायचा.

सप्टेंबरात तिच्या गावचा ओढा फुगला. सकाळी खालच्या वस्तीत पाणी शिरायला लागलं. उंचावर एकच पक्की इमारत होती, शाळेची, आणि तिला कुलूप. किल्ली सरपंचाकडे. तिनं फोन केला, तर तो म्हणाला, "साहेब निघालेत. ते आल्यावर बघू." तिनं घरातला कोयता घेतला आणि कोयंडा उचकटला. माणसं आत घेतली, दारात उभं राहून मोजली. एक आंधळे आजोबा कमी भरले. तिनं दोन गड्यांना दोर देऊन मागं धाडलं. त्यांनी आजोबांना पाठीवर आणलं. दुपारी लेकरं रडायला लागली, तेव्हा पोषण आहाराचा तांदूळ काढून तिनं खिचडी शिजवली. सगळी माणसं वाचली.

साहेब, म्हणजे आमच्या मतदारसंघाचे आमदार, चार वाजता आले. शाळेच्या पायरीवर त्यांनी बिस्किटांचे पुडे वाटले, फोटो झाले.

आठ दिवसांनी सरपंचानं तक्रार केली: सरकारी कुलूप तोडलं, धान्य परस्पर वापरलं. साहेब आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे विश्वस्तही होते. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'सदर विद्यार्थिनीने केलेले कृत्य प्रशिक्षणाचा भाग नसून तिने ते विनापरवानगी केले आहे.'

"सर, तिनं मी शिकवलं तेच केलंय," मी म्हणालो.

"मग तसं लिहून द्या," ते शांतपणे म्हणाले. "तुमची नेमणुकीची ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते ना?"

मी सही केली.

तिला परीक्षेला बसू दिलं नाही. ती स्टाफरूमच्या दाराशी आली, तेव्हा मी एकटाच होतो.

"सर, परवानगीची वाट बघत बसायचं न्हाई, हे तुमीच सांगितलंतं ना?"

"हो."

"आन् कागदावर सही बी तुमचीच हाय?"

"हो."

तिनं मान हलवली. तिनं भांडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. "येते सर," म्हणाली आणि गेली.

जानेवारीत संस्थेच्या वर्धापनदिनी साहेबांचा सत्कार ठरला, संकटकाळातल्या नेतृत्वाबद्दल. माझी भाषा बरी म्हणून मानपत्र माझ्याकडे आलं. लिहायला बसलो तर साहेबांनी केलेलं काहीच सुचेना. मग मी साहेबांच्या हातून आजोबांना पाण्यातून आणलं, भुकेल्या लेकरांना खिचडी खाऊ घातली. कुलूप मात्र गाळलं. सूत्रसंचालकानं ते मोठ्यानं वाचलं, टाळ्या पडल्या. साहेबांनी मला जवळ बोलावून विचारलं, "लई चांगलं लिहिलंय मास्तर. ही माहिती कुठून काढली?"

"गावातून," मी म्हणालो.

ती त्या वेळी आईवडिलांसोबत साखर कारखान्याच्या फडात ऊस तोडत होती. ते मला तिच्याच वर्गातल्या एकानं सांगितलं. तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही. माझी ऑर्डर आणखी अकरा महिन्यांसाठी निघाली.