दोन स्टुलं

माझे धाकटे दीर बसडेपोत इंजिनिअर होते. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की ते मागच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. म्हणून ते निवडणुकीला उभं राहतो म्हणाले तेव्हा आम्ही आधी हसलो आणि मग घाबरलो. कायमची नोकरी सोडावी लागणार होती.

कारण म्हणाल तर एवढंसं. बसची पहिली पायरी. सासूबाईंचे गुडघे धरलेले. एकदा दांडा पकडून चढायची खटपट चालली होती, तर मागून कुणीतरी खेकसलं, "आजी, आवरा." त्या खाली उतरल्या, ते दोन वर्षं सख्ख्या बहिणीकडेही गेल्या नाहीत. दिरांनी वीतभर खाली येणारी पायरी आखली, एका जुन्या बसला बसवून दाखवली. फाइल तीनदा परत आली. शेरा एकच: हा धोरणाचा विषय आहे.

"मग धोरण ठरवतात तिथंच जातो," म्हणाले आणि राजीनामा देऊन आले.

प्रचाराला दोन लाकडी स्टुलं. एक बसच्या पायरीएवढं उंच, दुसरं त्यांच्या पायरीएवढं. दारोदार ती मांडून म्हणायचे, "काकू, जरा चढून बघता?"

"मतं मागतोयस की स्टुलं विकतोयस?" सासूबाईंचा टोमणा.

"पहिलं गिऱ्हाईक तूच. चढ."

समोरचे उमेदवार वर्षाच्या आत कोऱ्या करकरीत बस आणणार होते. शेवटच्या सभेत एका आजींनी दिरांना विचारलं, "आणि तुझी पायरी कधी?" मी मनात म्हटलं, आता तरी गोड बोला. त्यांनी वही उघडली.

"तुमच्या मार्गावर आठ महिने. सगळ्या बसना चार वर्षं."

 परतताना मी म्हटलं, "भावोजी, थोडं कमी सांगितलं असतं तर?"

"वहिनी, वेल्डिंग तेवढ्यात होत नाही."

मतदानाच्या रांगेत त्याच आजी शेजारणीला म्हणत होत्या, "त्यानं महिने सांगितलेत. मी मोजणार आहे."

भावोजी थोडक्या मतांनी निवडून आले. आठाचे नऊ महिने झाले, तेव्हा आजींच्या घरी जाऊन स्वतः चूक कबूल करून आले.

दहाव्या महिन्यात सासूबाई त्याच मार्गावरच्या बसनं बहिणीकडे निघाल्या. बस आली. त्यांनी सवयीनं माझा खांदा धरला, पाय ठेवला आणि खांदा सोडला. मी बघतच राहिले.

वरून आवाज आला, "आवर गं, मागं लोक खोळंबलेत."