हिरवी वायर कुठं जाते

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, थंडीच्या दिवसांत या घरात गरम अशी एकच वस्तू, ती म्हणजे तुमचं डोकं. सातपूरच्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. पाथर्डी फाट्याजवळ हे घर बांधलं तेव्हा गवंडी बाहेरचा होता, सुतार बाहेरचा होता, पण वायरिंगला मी कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक बोर्ड माझा, प्रत्येक स्क्रू माझा. शेजारी कुणाकडं फ्यूज उडाला की मी मुद्दाम फाटकात जाऊन उभा राहायचो आणि म्हणायचो, आमच्याकडं बघा, कधी कुरकुर नाही.

कारखान्यात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच वाक्य ऐकवायचो: ज्याला अर्थिंग नाही, त्या कामाला अर्थ नाही. अर्थिंग म्हणजे गळलेल्या करंटला माणसाऐवजी जमिनीत जायची वाट. लोक कंटाळायचे, पण ऐकून घ्यायचे. निवृत्त झाल्यावर ऐकणारं कुणी उरलं नाही. मग घरात सून आली.

सून सायखेड्याची. आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड केलेली. मुलगी बघायला गेलो तेव्हा स्वयंपाकाचं बायकोनं विचारलं आणि मी विचारलं, "बंद एसी उघडल्यावर आधी हात कशाला लावायचा नाही?" ती चहाचा ट्रे खाली ठेवत म्हणाली, "कॅपॅसिटरला. बंद असला तरी त्यात करंट भरलेला असतो." मुलगा तिच्याकडं बघत होता, बायको तिच्या आईशी बोलत होती, आणि मी तिथंच मनातल्या मनात सुपारी फोडून टाकली.

तरी एसीच्या दुकानात तिला दोन वर्षं फोनवरच बसवून ठेवलं होतं. तक्रार लिहून घ्यायची आणि गड्यांना पाठवायचं. पाना हातात घ्यायचा तो पुरुषांनी. ती घरी येऊन काही बोलायची नाही, पण तिची टूलबॅग खुंटीवर तशीच कोरी दिसायची आणि माझं डोकं फिरायचं.

गेल्या हिवाळ्यात बायकोचा सांधेवात वाढला. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको. गार पाण्यात हात घातला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. गीझर बाथरूमपुरता आणि तोही म्हातारा. सोलर लावावं तर शेजारी उंच इमारत झाल्यापासून गच्चीवर ऊनच उतरत नाही. तेव्हा सून म्हणाली, "मामा, हीट पंप बसवू." आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात.

"ते काय असतं?"

"उलटा फ्रिज समजा. फ्रिज आतली गरमी बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली गरमी ओढून पाण्यात टाकतो. सगळी मशिनरी एकाच पेटीत. पेटी अंगणात, टाकी भिंतीला. घरभर गरम पाणी."

दुकानाच्या मालकांनी तिला सांगितलं, स्वतःच्या घरी स्वतः बसव, काम नीट झालं तर पुढची कामं तुला देतो. बायकोनं लगेच जाहीर केलं की भोगीचं न्हाणं यंदा नव्या पाण्यानं. भोगी चार दिवसांवर होती.

आमचं पहिलं वाजलं ते जागेवरून. मी तिला न सांगता एका वेल्डरकडून पिंजरा करून आणला होता. तीन बाजूंनी पत्रा, वर पत्रा, पुढं जाळी आणि कुलूप. चोरी नको, पाऊस नको, ऊन नको. सुनेनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"लय भारी झालाय, मामा. यात कोंबड्या पाळू."

"का? काय वाईट आहे?"

"मशिन हवेवर चालतं. तिन्ही बाजू कोंडल्यावर त्यानं हवा घ्यायची कुठून? पाठीमागं हातभर जागा लागते आणि पुढं सगळं मोकळं."

मग मी स्वयंपाकघराच्या खिडकीखालची जागा सुचवली. तिथंही नाय, ती म्हणाली. या पेटीतला गॅस पेट घेणारा आणि हवेपेक्षा जड, कधी गळला तर खाली साचतो, म्हणून शेगडीची खिडकी जवळ नको आणि गटाराचं चेंबरही जवळ नको. मी म्हणालो, मग काय नाशिकबाहेर बसवायचं का? ती शांतपणे टेप धरून अंगण मोजत राहिली. शेवटी पूर्वेच्या भिंतीकडं जागा ठरली. तिथं तिनं सिमेंटचा ओटा घातला, पाणसळ लावून चारदा बघितला. दोन दिवस ओटा सुकू दिला. पेटी आली तेव्हा चार माणसांना बजावलं, उभीच आणायची, आडवी करायची नाही, पाइपाला धरायचं नाही. खाली रबरी ठोकळे, वरून बोल्ट. पेटीतून थेंब थेंब गळणाऱ्या पाण्याची नळी तिनं पेरूच्या झाडाला सोडली. मी खुर्ची टाकून बसलो होतो. चूक काढायला बसलो होतो, खोटं कशाला बोलू? एकही सापडली नाही. दुपारपर्यंत माझी छाती अशी फुगली होती की शर्टाचं वरचं बटण काढावं लागलं.

मग वायरिंगची पाळी आली. मी म्हणालो, "बोर्डापासून वेगळी लाइन घे, जाड वायर टाक, बाकी काळजी नको. अर्थिंग शंभर नंबरी आहे."

"बघून घेते, मामा."

"माझं अर्थिंग बघणार तू?"

"कुणाचंही बघितलं असतं. तुमचा टेस्ट लॅम्प देता का?"

टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये एक बल्ब आणि त्याच्या दोन वायरी. कारखान्यात मी हाच वापरायचो. मीटर कधीकधी फसवतं, बल्ब फसवत नाही. एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला लावलं की बल्ब लख्ख पेटला पाहिजे. तिनं आधी सगळ्यांना सांगितलं, "आत्या, मामा, फ्रिजला, नळाला, कशाला हात लावू नका." मग टोकं लावली.

बल्ब पेटला नाही.

"बल्ब गेलाय," मी म्हणालो. तिनं एक टोक न्यूट्रलला लावलं, बल्ब पेटला. परत अर्थिंगला लावलं, विझला. मी दुसरा बल्ब आणला. तेच. मी तिच्या हातातून वायरी घेतल्या आणि स्वतः लावल्या. तेच.

तिनं मेन बंद केला, त्याला चक्क कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. आम्ही दोघं माझी अर्थिंगची हिरवी वायर धरून निघालो. बोर्डातून पट्टीत, पट्टीतून जिन्याखाली, तिथून मोरीच्या भिंतीत. घर बांधलं तेव्हा पाण्याचे पाइप लोखंडी होते, थेट जमिनीत गेलेले. त्या काळी आम्ही सगळेच अर्थिंगची वायर त्या पाइपाला बांधायचो. मीही बांधली होती, पक्का क्लॅम्प मारून. सहा वर्षांपूर्वी पाइप गंजले म्हणून मी सगळे प्लास्टिकचे करून घेतले होते. स्वतः उभं राहून, प्लंबरला चहा पाजून. फरशी फुटू नये म्हणून त्यानं मोरीमागं वीतभर लोखंडी तुकडा भिंतीतच ठेवला. माझा क्लॅम्प त्या तुकड्यावर होता. खालून प्लास्टिक, वरून प्लास्टिक, मधे वीतभर लोखंड आणि त्याला बांधलेलं माझं शंभर नंबरी अर्थिंग. बैल बांधलाय खुंटीला आणि खुंटीच जमिनीत नाही, असा प्रकार.

चूक उघड उघड माझी होती. पण स्वभाव जातो कुठं? मी आवाज चढवला.

"ठीक आहे, संक्रांतीनंतर बघू. तू मशिन चालू कर. भोगी परवा आली."

"नाय मामा. अर्थिंग झाल्याशिवाय मी याला लाइन देणार नाय. आत्यांना चुलीवर पाणी तापवून देईन."

"मालकांना काय सांगशील? पहिलंच काम अर्धवट?"

"खरं सांगेन. घरात अर्थिंग नाय."

म्हणजे माझ्या घरात. ती दुकानात उभी राहून सांगणार की सासरा इलेक्ट्रिशियन आणि त्याच्याच घरात अर्थिंग नाही. माझ्या डोक्यात सणक गेली. "अगं, सहा वर्षं चाललं ना असंच? काही झालं का कुणाला?"

"झालं," बायको म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "बाथरूमच्या नळाला मुंग्या येतात. मी तुम्हाला तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, सांधेवात आहे, बोटांना मुंग्या यायच्याच. मग मी स्लीपर घालून आंघोळ करायला लागले. स्लीपर घातल्या की येत नाहीत."

त्या निळ्या रबरी स्लीपर मी रोज बघत होतो. मला वाटायचं, टाचांच्या भेगांसाठी घालते. एकदा मी तिची चेष्टाही केली होती, देवळात चप्पल काढतेस आणि आंघोळीला घालतेस म्हणून.

सून आत गेली, गीझरची वायर काढली, त्याचं कॉइल मीटरनं तपासलं आणि माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. कॉइल फुटलेलं होतं. गीझरमधला करंट त्याच्या पत्र्यात, पत्र्यातून पाण्यावाटे नळात येत होता, आणि माझी हिरवी वायर त्याला जमिनीत न्यायचं सोडून घरभर फिरवत होती. मी खाली बसलो. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. एखाद्या दिवशी ती स्लीपर घालायला विसरली असती तर?

सून माझ्याशेजारी येऊन बसली. "ज्याला अर्थिंग नाही, त्या कामाला अर्थ नाही," ती हळूच म्हणाली. "तुमचंच वाक्य हाय ना, मामा? मी तेच केलं." दुसरं कुणी त्या वेळी हे बोललं असतं तर मी घराबाहेर काढलं असतं. तिच्याकडं बघून मला एवढंच वाटलं की बत्तीस वर्षं मी काही भिंतीशी बोलत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली. ती म्हणाली, "मी खणते, तुमची कंबर हाय का खणण्याजोगी?" मी म्हणालो, "खड्डा माझा आहे." वर काळी माती, खाली मुरूम. कमरेएवढं खोल जाईपर्यंत माझे हात सोलले, पण पहार मी दिली नाही. बायकोनं वरून दोनदा विचारलं, गुप्तधन निघालं का. तळाशी लोखंडी नळी रोवली, भोवती कोळसा आणि खडेमिठाचे थर, वरून पाणी. तिथून तांब्याची नवी जाड वायर थेट बोर्डापर्यंत. सुनेनं करंट गळला की आपोआप पडणारा स्विचही बसवला आणि त्याचं बटण दाबून दाखवलं. सगळं घर क्षणात बंद झालं. दुकानातून आणलेलं अर्थिंगचं मीटर लावलं, आकडा चांगला आला. माझं समाधान झालं नाही. मी टेस्ट लॅम्प आणला आणि तिच्याच हातात दिला.

बल्ब असा पेटला की डोळे मिटावे लागले.

मग तिनं टाकी भरली, पाइपातली हवा काढली आणि त्यानंतरच मशिनला लाइन दिली. मी झेंडूचा हार आणला होता, तो पंख्याच्या जाळीवर घालायला गेलो तर तिनं माझा हात धरला. "पाकळ्या आत जातील, मामा. टाकीला घाला." नारळ मी ओट्याच्या कडेवर फोडला. दुकानाच्या कागदावर 'बसवणाऱ्याचं नाव' असा रकाना होता. तिथं तिनं आपलं नाव लिहिलं, सावकाश, शाळेत लिहितात तसं. तो कागद जाण्याआधी मी त्याचा फोटो काढून ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो अजून दाखवतो.

संक्रांतीनंतर मी तिला घेऊन गल्लीतल्या घरोघरी गेलो. घरं सगळी आमच्याच वेळची, पाइप सगळ्यांनीच बदललेले. प्रत्येक दारात मी आधी माझी चूक सांगितली, मग तिला पुढं केलं. पूर्वी मी फुशारकी मारलेली ज्यांनी ऐकली होती, त्यांना हसायला मिळालं. हसू दे. दोन घरांत बल्ब पेटला नाही, आणि त्या दोन्ही घरांतली अर्थिंगची कामं तिनंच केली. हल्ली दुकानात फोनवर दुसरं कुणी बसतं.

पण मला आठवते ती भोगीची सकाळ. सून स्वयंपाकघरात तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होती. मी बाथरूमसमोर पेपर उघडून बसलो होतो, वाचत काहीच नव्हतो. बायको टॉवेल घेऊन आली. सवयीनं स्लीपर घालूनच आली होती. दारात थांबली, माझ्याकडं बघितलं, स्लीपर बाहेर काढल्या आणि आत गेली. पहिल्यांदा पाण्याचा आवाज आला नाही. ती नळाला नुसतं बोट लावून बघत असणार, मला कळत होतं. मग पाणी सुरू झालं आणि बराच वेळ थांबलंच नाही.

ती बाहेर आली ती ओल्या केसांनी, अनवाणी. हाताची बोटं माझ्यासमोर उघडमीट करून दाखवली.

"काही नाही," ती म्हणाली. "एकही मुंगी नाही. तुमचं वायरिंग बरं झालं हो आता."

"माझं नाही," मी म्हणालो. "तिचं आहे."