गुंगीची गोळी आणि माझं कोपर

दुकानात वरच्या फळीवरचं अस्तर काढताना स्टुलावरून पडले आणि उजवं कोपर मोडलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन करून प्लेट बसवली. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, की हाड जुळेल, पण पुढच्या काही आठवड्यांत कोपर हललं नाही तर ते तसंच आखडून बसेल. मी ब्लाउज शिवते. कापायचं काम दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. कोपर हलवायचं, हे तिथेच ठरलं.

घरी येताना तीन औषधं होती. सूज आणि दुखणं दोन्ही उतरवणारी गोळी, पोटभर जेवल्यावरच घ्यायची. तापाला देतात ती साधी पॅरासिटामॉल. आणि ट्रामाडॉल, अफूच्या जातीतली, व्यायामाच्या आधी, मोजके दिवस. ही तिसरी मी कपाटात टाकली. वडील शेवटच्या आजारात अशाच औषधावर होते आणि मला ओळखत नव्हते.

चौथ्या दिवशी नणंद कळमेश्वरहून मदतीला आली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारं माणूस फळांबरोबर स्वतःच्या उरलेल्या गोळ्याही आणतं. तिने गुडघ्यासाठी घेतलेली गोळ्यांची पट्टी पर्समधून काढली.

"ते गुंगीची काहून घेता वहिनी? हे घ्या. मले तर दोन दिवसांत आराम पडला."

गुंगीची मी घेतलेलीच नाही, असं सांगितल्यावर ती खूश झाली. तिच्या गोळीचं नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून मी ते वेगळंच औषध समजले. त्यात त्या दिवशी संकष्टी. नुसत्या चहावर राहून मी दवाखान्याची गोळीही घेतली आणि तिचीही. दुपारनंतर पोटात आग पडली. उलटी झाली ती काळपट. नवऱ्याने तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच जातीचं औषध, दुप्पट, तेही रिकाम्या पोटी. दोन दिवस ठेवून घेतलं आणि ती जातच मला बंद केली. नणंद तोंड पाडून बसली होती. गिळल्या मी होत्या, तिने नाही, एवढं मी तिला सांगितलं.

मग वडिलांचं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यांचा आजार वेगळा होता. तुम्हाला पाच-सहा दिवस, तेही व्यायामापुरती. त्याशिवाय जमत असेल तर करून दाखवा."

करून पाहिलं. दवाखान्यातल्या व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने कोपर जरासं दाबलं आणि मी हात ओढून घेतला. तिने कोन मोजला आणि वहीत लिहिला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मोजला होता तेवढाच. आठवड्यात माझा हात तसूभरही पुढे गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या आधी ट्रामाडॉल घेतली. डोकं जड झालं, तोंड कोरडं पडलं, पुढे पोटही साफ होईना. दुखणं गेलं नाही, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखं झालं. तेवढ्यात कोपर वाकवून घेतलं. नणंद समोर खुर्ची टाकून माझ्याकडे टक लावून बघत होती.

"वहिनी, मी कोण?"

"माझ्या पोटात आग लावणारी."

"ओळखते मले," ती माझ्या नवऱ्याला म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

सहाव्या दिवशी गोळी थांबवली. पुढे पॅरासिटामॉल, बर्फ आणि दिवसातून तीनदा व्यायाम. डोळ्यांत पाणी यायचं. ते पुसायला डावा हात होता. एकही वेळ चुकवली नाही. तिसऱ्या महिन्यात कात्री धरली.

कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, आणि होणारही नाही असं डॉक्टर म्हणतात. कापायच्या टेबलाच्या पलीकडच्या कडेला हात पुरेना. सुताराला बोलावलं आणि टेबल वीतभर अरुंद करून घेतलं.